झेंड्याजवळची खुर्ची

रवळूच्या कमरेत आण्णाप्पाचा फायदा होता, आणि तो चांगलाच होता.

गावच्या जत्रेत ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी पळवायची शर्यत असते. चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या दोन रेषांमधून, ट्रॉली पुढं आणि ट्रॅक्टर तिच्या मागं, असं झेंड्यापर्यंत जायचं. रेषेला चाक लागलं की बाद. सगळ्यात लवकर पोचेल त्याच्या घरी वर्षभर ढाल, आणि एकाच घरानं सलग तीन वर्षं जिंकली तर ढाल त्या घराची कायमची. रवळूनं दोन वर्षं जिंकली होती. दोन्ही वर्षी दुसरा आला होता त्याचा चुलतभाऊ आण्णाप्पा. यंदा तिसरं वर्ष, आणि माघात उसाची मोळी उचलताना रवळूच्या मणक्यातली गादी सरकली.

उलटी ट्रॉली चालवायची म्हणजे माणसानं कमरेपासून पिळून मागं बघायला हवं. रवळूला चप्पल घालायला वाकता येईना. कुल्ल्यापासून डाव्या अंगठ्यापर्यंत वीज सुटायची. आण्णाप्पानं हिशेब मांडला. रवळू बाजूला झाला तर उरतो सदलग्याचा एक गडी, आणि त्याला धीर कमी. स्वतःच्या नव्या बंगल्याचं काम चाललंच होतं. आण्णाप्पानं टीव्हीच्या वर ढालीच्या मापाचा कोनाडा काढून घेतला, आत लाईटसकट.

तसा माणूस प्रेमळ. रोज भेटायला यायचा.

"दादा, घाई करू नगंस. मणक्याला सुरी लागली की माणूस आडवाच. सहा महिनं निवांत पडून ऱ्हा. ट्रॅक्टरचं मी बघतो."

"तेच बघायला येतायसा व्हय भावजी, रोजच्या रोज?" रवळूची बायको शालूबाई चहा देत म्हणाली.

शेवटी रवळूची लेक दिपाली मधे पडली. ती बेळगावात बँकेत कामाला. सुट्टी काढून आली, बापाला गाडीत मागच्या सीटवर आडवं घातलं आणि थेट बेळगावच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टर सुविधा कांबळे निपाणीच्या. एमआरआय उजेडाला धरून म्हणाल्या, "ही गादी फुगून नसेवर बसलीय. सुईएवढ्या नळीतून लेसर सोडायचा, फुगवटा आतल्या आत थोडा आटवायचा. दाब गेला की पाय सुटेल. सगळ्यांच्या पाठीला हे चालत नाही, तुमच्या चालेल."

"कापाकापी?"

"नाही. भूलसुद्धा तेवढ्या जागेपुरती. तुम्ही माझ्याशी गप्पा मारायच्या."

"मॅडम, मागं वळून कधी बघता येणार?"

"मागं काय ठेवलंय एवढं?"

रवळूनं शर्यतीचं सांगितलं. डॉक्टर हसल्या. "माझे आजोबा वखारीत तंबाखूची पोती उचलायचे. कंबर धरून घरी यायचे, आणि सकाळी परत पोती. मला पाठीचं सांगू नका. सहा आठवडे वाकायचं नाही, वळायचं नाही, उचलायचं नाही. चालायचं, आणि पुढं बघायचं."

रवळू टेबलावर पालथा. नळी आत गेली, लेसर सुरू झाला. मधेच डॉक्टरांनी विचारलं, "पाय कसा वाटतोय?"

"हाय का बघा की. दुखायचाच थांबलाय, ठावच लागंना."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी घराची पायरी चढला. ते बघायला निम्मी गल्ली गोळा झाली. नारळ, बिस्किटं, केळी घेऊन आलेल्या बायकांना टाके बघायचे होते. शालूबाईनं सदरा वर करून दाखवला. टिकलीएवढी पट्टी. बायकांची पार निराशा झाली.

"डास चावला असंल," आण्णाप्पा म्हणाला. पण कोनाड्याचा लाईट त्यानं त्या दिवसापासून बंद ठेवला.

जत्रा तीन आठवड्यांवर, रवळूला बंदी सहा आठवड्यांची. मग शालूबाई पंचांपुढं जाऊन उभी राहिली. "ढाल घराची असतीया. मग घरातलं कोनबी चालवंल. आमची दिपाली चालवंल."

पंच आण्णाप्पाकडं बघायला लागले. बँकेतली पोरगी, एसीत बसणारी. आण्णाप्पानं मोठ्या मनानं मान डोलावली.

दिपाली लहानपणी बापाच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायला शिकलेली. पण उलटी ट्रॉली म्हणजे आडमुठं जनावर. डावीकडं न्यायची तर चाक उजवीकडं, आणि जरा जास्त झालं की ट्रॉली काटकोनात. रोज संध्याकाळी रानात ती नागमोडी जायची. एक दिवस मात्र सरळ गेली. कारण रवळू डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं चालत बांधाच्या टोकाला जाऊन थांबला होता, आणि ती ट्रॉलीकडं न बघता ट्रॉलीच्या वरून बापाकडं बघत होती.

"आप्पा, तुम्ही झेंड्यापाशी उभारलासा तर जमतंय."

"न्हाय गं. घरच्यांनी झेंड्यापाशी उभारायचं न्हाय, खुणा करत्यात म्हणून नियम हाय."

दिपालीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून तिनं बांधावरच्या बाभळीवर नजर लावून बघितलं. पण वाऱ्यानं बाभळ हलायची, आणि ट्रॉलीही.

जत्रेदिवशी हायवेपर्यंत माणूस. निवेदक अर्धा मराठीत, अर्धा कन्नडात, "हिंदक्क, हिंदक्क" म्हणून ट्रॅक्टर मागं बोलवत होता. आणि आण्णाप्पा मंडपवाल्याकडनं एक लाल खुर्ची स्वतःच्या हातानं घेऊन आला. झेंड्याच्या मागं, बरोबर मधोमध ठेवली.

"आमचा दादा पेशंट हाय. त्याला गर्दीत धक्का लागंल. बसू द्या हितं. नियम उभारण्याचा हाय, बसायचा न्हाय."

पंचांना त्याचं कौतुक वाटलं. आण्णाप्पाचा हिशेब वेगळा होता. नुकतं ऑपरेशन झालेल्या, उडी मारता न येणाऱ्या बापाच्या अंगावर ट्रॉली न्यायची म्हटल्यावर कुठल्या पोरीचा हात स्थिर राहील?

रवळू खुर्चीत बसला. लांबून दिपालीनं खुर्ची बघितली आणि ओढणी कमरेला बांधली.

सदलग्याच्या गड्याचं चाक निम्म्यातच रेषेला लागलं. आण्णाप्पा मात्र देखणा आला, धुरळा उडवत, एका हातानं स्टिअरिंग फिरवत. सव्वा मिनिटात झेंडा. शिट्ट्याच शिट्ट्या.

मग दिपाली सुटली.

पहिला पल्ला सुतासारखा. ट्रॉली वेग घेत होती, लोक "पळीव, पळीव" करत रेषेवर झुकले. अर्ध्यात एका खड्ड्यानं ट्रॉली उजवीकडं ओढली. चाक रेषेपासून चार बोटांवर आलं. रवळूच्या हाताला सवयीनं हिसका बसला. सगळं अंग म्हणत होतं, वळ, ऊठ, हात कर. इशारा केला तर बाद, वळला तर पाठ गेली. त्यानं खुर्चीचे हात धरले आणि खांबासारखा ताठ बसून राहिला.

दिपालीची नजर त्याच्यावरच होती. बाप हलला नाही, म्हणून तिचीही नजर हलली नाही. स्टिअरिंग किंचित फिरलं, ट्रॉली सरळ झाली आणि मग सुसाट. झेंड्याजवळचे पंच पळाले. शालूबाईनं डोळे मिटले. रवळू एकटाच, ट्रॉलीचं फळकूट तोंडावर मोठं मोठं होत येताना बघत बसलेला. ब्रेक लागला, झेंडा ओलांडला, आणि फळकूट त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर थांबलं.

घड्याळवाल्यानं वेळ सांगितली. आण्णाप्पापेक्षा पाच सेकंद कमी.

गर्दीचा गलका शमायच्या आत आण्णाप्पा पंचांपुढं. "हे चालायचं न्हाय. खुर्चीची खूण झाली तिला."

"खुर्ची कुनी ठेवली?" पंचांनी विचारलं.

ढाल रवळूच्या घरी गेली, कायमची.

आता कुणी काय भरलं ते. दवाखान्याचं बिल बरंचसं दिपालीच्या विम्यानं भरलं, उरलेलं तिच्या पगारानं. रवळूनं ट्रॅक्टरची सीट गमावली. सहा आठवडे सरले तरी लेक ती परत देत नाही, आणि तो मागत नाही. कोनाड्यात आण्णाप्पानं वायफायचा डबा ठेवलाय. लाल खुर्ची रवळू जत्रेतनं उचलायला लावून घरी घेऊन गेला, ढालीखाली ठेवली, आणि आता तिच्यावर दुसरं कुणी बसलेलं त्याला चालत नाही. मंडपवाल्यानं तिची पुरी किंमत, ज्यानं ती जत्रेत मागून नेली त्याच्या नावावर लावली. मागून नेणारा आण्णाप्पा. त्यानं भरली.