वरची कवळी

ऐक तर, मध्ये बोलू नकोस. सूनबाई ओट्याकडे वळते तर काय, सासरे पातेल्यात चमचा घालून भाजी चाखतायत. अगदी चोरासारखे. तिला बघितल्यावर चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला.

"तिखट नाहीये गं फारसं."

"मी घातलंच नाहीये, बाबा."

"मग हिच्या तोंडाची आग कशानं होते?"

महिनाभर हेच चाललेलं. सासूबाईंनी घास घेतला की डोळे मिटायचे नि ताट सरकवायचं. सूनबाईनं आधी मिरची बंद केली, मग मसाला, मग मीठसुद्धा चिमटीनं. आग काही थांबेना. सासूबाई शेजारणीकडे जाऊन थंड दूध पिऊन यायच्या, आणि ती शेजारीण जिन्यात भेटली की असं बघायची, जणू हिनं ताटात काहीतरी कालवलंय. नवरा तर इतका साधा माणूस, पण तोही एकदा हळूच म्हणाला,

"तू काही वेगळं घालत नाहीस ना?"

त्या दिवशी ती जेवलीच नाही.

मग तिला सासूबाईंच्या ओठांचे कोपरे चिरलेले दिसले. तिनं हट्टानं त्यांना दाताच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कवळी काढायची म्हटल्यावर सासूबाई सुनेला म्हणाल्या,

"तू तिकडे पाठ कर आधी."

तिनं केली. पण बाईंनीच तिला बोलावून दाखवलं. टाळू लालभडक, बरोब्बर कवळीच्या मापाचा.

"बुरशी आहे. रात्री कवळी काढता ना?"

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. थेंब लिहून देते, पण कवळी रात्रंदिवस तोंडातच राहिली तर हे पुन्हा होणार. जेवणाचा काही दोष नाही."

सूनबाईला वाटलं, हे वाक्य बाईंनी घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणावं. पण औषध घेऊन निघाल्या, तशी सासूबाईंनी तिचा दंड धरला.

"ह्यांना सांगू नकोस. ह्यांना वाटतं, पुढचे दोनच दात बसवलेत."

"पण आई, रात्री तर काढायलाच हवी."

"बोळकं घेऊन ह्यांच्या शेजारी झोपू? तू झोपशील?"

घरी सासरे दारातच उभे.

"काय निघालं?"

सूनबाई बोलणार, तेवढ्यात सासूबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या,

"काय निघायचंय, तिखटच. हिला जरा जपून करायला सांगितलंय."

सासऱ्यांनी मान हलवली, वाटलंच होतं अशी. आत नवऱ्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. सासूबाईंची चप्पल कधीच निघाली होती, पण त्या वाकलेल्याच. औषधाची बाटली सुनेच्या पर्समध्ये, आणि सासरे तिच्याच तोंडाकडे बघतायत.

आता तू सांग. तू असतीस तर काय केलं असतंस?