घाटमॅनच्या खालची मोकळी पट्टी

जगाला वाचवणाऱ्याने आपलं तोंड जगाला दाखवू नये, हा मानवजातीच्या इतिहासातला सर्वांत थोर नियम आहे. सिद्राने तो बोरघाटाखालच्या शिळफाट्यावर, वडलांच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून केला. त्या वेळी तिच्या समोरच्या पडद्यावर पोशाशेठच्या एकसष्टीचा फ्लेक्स उघडा होता, त्यात शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांच्या तीन रांगा झाल्या होत्या, आणि राहिलेला एक मेहुणा पोशाशेठच्या काखेत बसवावा की फेट्यावर, हे ठरत नव्हतं.

शेवटी तिने मेहुण्याला गणपतीच्या शेजारी बसवलं आणि लगेच दुसरी फाइल उघडली. तिच्यात घाटमॅन होता.

घाटमॅन बोरघाटात राहतो. ब्रेक फेल झालेला कंटेनर उतारावरून सुटला, की हा खांदा लावून अडवतो, ड्रायव्हरला बाहेर काढतो आणि कोणी मोबाइल वर करायच्या आत धुक्यात निघून जातो. अंगात दरडीच्या रंगाचा पोशाख, तोंडावर काळा मुखवटा. सिद्रा दोन वर्षं त्याच्या मागे लागली होती. चित्रकलेच्या परीक्षांनंतर तिला शिकवायला कोणी नव्हतं. होते ते फक्त चेहरे, आणि ते सगळे पासपोर्ट साइजचे.

अडचण अशी होती की घाटमॅन चांगला आहे की नाही, हे तिला कोणी सांगत नव्हतं. मोबाइलवरच्या चित्रकारांच्या गटात तिने तो टाकला. काहींनी 'छान' म्हटलं, काहींनी आगीची खूण पाठवली, आणि बाकीच्यांनी स्वतःचे नायक पाठवून 'माझा पण बघ ना' म्हटलं. त्या गटात सगळे दाखवायला यायचे. बघायला यायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

घरीही तेच. अम्मीने, म्हणजे शकिलाने, मोबाइल हातभर लांब धरून पाहिला आणि विचारलं, "हा जेवतो कधी?"

"अम्मी, चित्र कसंय ते सांग."

"चित्र चांगलंय. पण बरगड्या दिसतायत त्याच्या."

"ते स्नायू आहेत."

"असतील. कोण आहे का घरी याला करून घालणारं?"

अब्बांनी, म्हणजे मकसूदभाईंनी, चष्मा लावून बारकाईने पाहिलं. ते जुने छपाईवाले. "काळा फार वापरलायस," ते म्हणाले. "उन्हात काळा आधी उडतो. आणि डोकं एवढं वर नेऊ नको. कडेला दोरी ओवायच्या रिंगा ठोकायच्या असतात, एक बरोबर कपाळात बसेल."

"अब्बा, हे फ्लेक्ससाठी नाही. पुस्तकासाठी आहे."

"पुस्तक असलं म्हणून काय कडा नसतात?"

पुस्तक म्हणजे पुण्याहून निघणारा एक चित्रकथांचा संग्रह. त्याच्या संपादकबाईंना तिने घाटमॅनची पानं पाठवली होती, आणि मंगळवारी त्यांचं उत्तर आलं होतं. ते तिला आता तोंडपाठ होतं. 'चित्रात ताकद आहे. पण या माणसाची गरज कोणाला आहे, ते मला दिसत नाही. घरच्यांना आणि चित्रकारांना विचारू नका. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला दाखवा आणि तो काय म्हणतो ते मला कळवा. सोमवारी आम्ही कोणाच्या गोष्टी घ्यायच्या ते ठरवतो.'

तेव्हापासून सिद्राचं बूड खुर्चीला लागत नव्हतं. रस्त्यावरचा अनोळखी माणूस शिळफाट्यावर काही कमी नाही. हायवे म्हणजे त्याचाच. पण तो थांबत नाही. थांबला तर वडापावपाशी थांबतो. त्याच्यापुढे मोबाइल धरला तर तो खिसा चाचपतो. एकाने तर चित्र न बघताच "हरवलाय का?" म्हणून विचारलं, आणि "पोलिसात कळवा" असा सल्ला देऊन एसटीत चढला.

शुक्रवारी तिला उपाय सुचला. फ्लेक्सच्या दुकानात असा उपाय सुचायला चार दिवस का लागले, असं अम्मीने विचारलं. पण मासे विकणाऱ्याच्या घरी मटणच शिजतं, त्यातलाच हा प्रकार. रोलचा शेवटचा तुकडा शिल्लक होता. त्याच्यावर तिने घाटमॅन माणसाएवढा छापला: खांदा कंटेनरला, टाच डांबरात, मागे धुकं. वर लिहिलं, 'घाटमॅन. हा कसा वाटला? सांगा.' बाजूला आपला नंबर. आणि खाली हातभर रुंद पट्टी पांढरी सोडली. ज्याला फोन करायचा नसेल त्याने तिथेच लिहावं, म्हणून एक मार्कर पेन सुतळीने बांधून ठेवलं.

दुकानासमोर नमुने लावायची बांबूची चौकट होती. तिच्यावर तो फ्लेक्स चढला.

पेन तासाभरात चोरीला गेलं. सिद्राला त्यातल्या त्यात बरं वाटलं; म्हणजे कोणीतरी जवळ गेलं होतं.

मग फोन आला. तिने पहिल्याच रिंगला उचलला.

"ताई, फाट्यावर बोर्ड लागलाय तो तुमचाच ना?"

"हो. हो, माझाच. कसा वाटला?"

"एक नंबर. खालची पट्टी मोकळी दिसली. फोटो कुठं पाठवू?"

"कसला फोटो?"

"माझाच. विलास म्हणतात मला. गॉगलवाला चालंल की बिनगॉगलचा?"

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. फ्लेक्समध्ये वरचा भाग ज्याचा वाढदिवस असेल त्याचा. खालची पट्टी शुभेच्छुकांची. ती कधीच मोकळी नसते. पंगतीत मोकळं ताट दिसलं की माणूस जसा चप्पल काढून थेट जाऊन बसतो, तसं मोकळ्या पट्टीचं आहे. ताट कोणाच्या लग्नाचं, हे जेवून झाल्यावर विचारतात. सिद्राने शेकडो पट्ट्या स्वतःच्या हाताने भरल्या होत्या. ही एकच आपण रिकामी सोडली तर लोक तिच्यावर विचार लिहितील, असं तिला वाटलं. कलावंताचा आशावाद म्हणतात तो हाच.

संध्याकाळपर्यंत फोन तापला. एकाला वरच्या रांगेत जागा हवी होती. एकाला भावाच्या शेजारी नको होती. एकाने स्वतःच्या नावामागे काय लिहायचं याचे चार पर्याय दिले आणि "तुम्हीच ठरवा, तुमचं वाचन जास्त" असं सौजन्यही दाखवलं. घाटमॅन कसा वाटला, हे ती प्रत्येकाला विचारत होती. सगळ्यांना तो एक नंबर वाटला होता. कोणीही तो कोण हे विचारलं नव्हतं.

शनिवारी सकाळी हिरामण स्वतःच आला. कडावचा हा शेतकरी. दोन म्हशी, थोडं भात, आणि हायवेवरच्या ढाब्यांना पनीर पोचवायचं काम. ग्रामपंचायतीला दोनदा उभा राहून दोनदा बसला होता. त्याचे दोन्ही वेळचे फ्लेक्स याच दुकानातले. मोटरसायकल स्टँडला लावून तो बराच वेळ घाटमॅनसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"कोन हाय गं हा?"

सिद्राने हातातला माउस सोडला. पहिल्यांदाच कोणीतरी विचारलं होतं. "घाटमॅन, काका."

"ते वाचलं मी. गाव कुठलं?"

"गाव नाही. घाटात असतो. ब्रेक फेल झालेल्या गाड्या अडवतो."

"कुठल्या खात्यात?"

"खात्यात नाही. स्वतःहून."

"आन तोंड का झाकलंय?"

"आपण केलं हे कोणाला कळू नये म्हणून."

हिरामण पायरीवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर एखाद्या आजाऱ्याची हकिकत ऐकल्यासारखं दुःख होतं. "पोरी," तो म्हणाला, "मी आमच्या स्टँडवर बाकडं दिलं. पाठीवर नाव टाकलं. तर लोक टेकून बसतात, नाव दिसत नाय. म्हनून फळीवर टाकलं. तर त्याच्यावरच बसतात. शेवटी पायांवर टाकलं. आता कुत्री वाचतात. आन हा कंटेनर अडवतो नि सांगत नाय?"

"तेच तर त्याचं मोठेपण आहे."

"मोठेपन नाय, डाव हाय." हिरामणने आवाज उतरवला. "हा आज ना उद्या तोंड उघडनार. निवडणुका लागल्या की उघडंल. मग लोक बघतील, पयल्यापासून खाली कोन कोन व्हता. मला आत्ताच घे. मधी घे."

"काका, हा खरा नाही. मी काढलाय."

"खरा कोन असतो गं? माझा बी फोटो तूच गोरा केलावतास."

आतून मकसूदभाई म्हणाले, "सिद्रा, घे ना हिरामणभाऊंना. पट्टी मोकळी ठेवून काय नमाज पढायचीय तिच्यावर?"

सिद्रा उठून बाहेर गेली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन घाटमॅनकडे बघून परत आली, पुन्हा गेली. लांबून टाच बरोबर वाटत होती. जवळून नव्हती.

रविवारी सकाळी दुकान उघडलं तेव्हा पट्टी भरलेली होती. लोकांनी वाट पाहिली नव्हती. चिकटपट्टीने आपापले फोटो लावून गेले होते. पासपोर्टचे, आधारकार्डाच्या झेरॉक्सचे, एक लग्नातला, बायकोच्या बाजूने कापलेला. हिरामण मधोमध, फेट्यात. आणि विलासला पट्टीत जागा मिळाली नसावी, कारण त्याचा मोठा रंगीत फोटो घाटमॅनच्या मुखवट्यावरच चिकटवला होता. गॉगलवाला.

सिद्राने स्टुलावर चढून विलासला सोलून काढलं. मग आत जाऊन मोबाइल घेतला आणि संपादकबाईंना लिहिलं: 'रस्त्यावरच्या माणसांना विचारलं. तुमचं बरोबर आहे. घाटमॅनची गरज कोणालाच नाही. लोकांना फक्त त्याच्या खाली जागा हवी आहे. माझी गोष्ट विचारात घेऊ नका.' लिहिलं, पण अंगठा पाठवायच्या बाणावर जाऊन थांबला. ती पाणी प्यायली. बाण पुन्हा पाहिला. पोशाशेठचा मेहुणा सारखा फोन करत होता, त्याला गणपतीच्या दुसऱ्या बाजूला बसायचं होतं. तिने फोन कापला. पुन्हा फोन वाजला.

"जागा संपली," सिद्रा म्हणाली.

"कसली जागा? मी सुंदरा बोलतेय, कुंभिवलीवरनं. वळनावर चायची टपरी हाय माझी. काल राती फाट्याला आलेले, तवा बोर्ड बघितला. तो मानूस खरंच गाड्या अडवतो काय?"

"चित्रात अडवतो, मावशी."

"किती वाजेपातूर असतो?"

सिद्रा म्हणाली, "का हो?"

"सांजच्या टायमाला गाड्या लय जोरात येतात गं. परवा एक डंपर बाकड्यापातूर आला. गिऱ्हाईक उठून पळालं, चाय तशीच. दुसऱ्या दिवशी आलंच नाय. सांजचा तेवढा पाठव त्याला. रातीचा नको, रातीची मी नसते."

"मावशी, तुमचा फोटो..." सवयीने तिच्या तोंडून गेलं.

"माझा फोटो कशाला? मेले काय मी?" पलीकडून एक गाडी कर्कश्श हॉर्न वाजवत गेली. ती जाईपर्यंत सुंदरा थांबली. "ही बघ. आयकलंस ना? आन तोंड झाकलंय त्याचं ते बेस केलंस. धूळ लय हाय हितं."

सिद्राने आधीचा मजकूर पुसला. मग ती बसली, आणि पाच दिवसांत पहिल्यांदा बसूनच राहिली. वळण काढलं, टपरी काढली, बाकड्यावरचं गिऱ्हाईक काढलं. डंपर बाकड्यापासून वीतभर अंतरावर, मध्ये घाटमॅनची टाच. ती या वेळी बरोबर आली, कारण मागे सरकायला जागाच नव्हती. गिऱ्हाइकाच्या ग्लासातला चहा नुसता हलला होता. पानाखाली तिने सुंदराचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं, फोटोचंही, आणि पाठवून दिलं.

मग पुन्हा बूड टेकेना. रात्रभर ती कूस बदलत राहिली. सोमवारी दुपारी अम्मीने ताट वाढलं, तेव्हा ती मोबाइल पालथा ठेवून भात कालवत होती, खात नव्हती.

मोबाइल थरथरला. 'आता माणूस दिसला,' संपादकबाईंनी लिहिलं होतं. 'घेतोय. आठ पानं करा. सुरुवात टपरीपासून. आणि बाईंना आमचा नमस्कार सांगा.'

मकसूदभाईंनी ते दोनदा वाचून घेतलं. "चांगलं झालं," ते म्हणाले, आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "काळा मात्र कमी कर."

"आता तरी जेव," अम्मी म्हणाली. "त्याला पण दाखव एखाद्या पानावर जेवताना."

सिद्रा हात धुऊन बाहेर पळाली आणि तिने सुंदराला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं: पुण्याचं पुस्तक, आठ पानं, पहिल्या पानावर कुंभिवलीचं वळण, टपरी, बाकडं. तुम्ही नसता तर घाटमॅन राहिलाच नसता, मावशी. आता तो रोज संध्याकाळी तुमच्या वळणावर उभा असणार, आणि महाराष्ट्रभर लोक ते वाचणार.

सुंदराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मागे स्टोव्ह फरफरत होता.

"बरं झालं गं," ती म्हणाली. "म्हंजे त्या बोर्डाचं काम झालं आता?"

"झालं की."

"मग दे ना मला. सांजचं ऊन सरळ गिऱ्हाइकाच्या डोळ्यात जातं. आडवा बांधते बाकड्याच्या म्होरं. खालची मानसं दुमडून टाकते, तेवढा लांब नको. कडंला रिंगा हायत ना त्याला?"

"आहेत."

"मग येताना थोडी सुतळी आन, बाय."