पेटीवरचा निळा स्टिकर

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. जुनी म्हणजे वयाने. काम मी आयुष्यात एकच दिवस केले.

माझा जन्म परदेशातला. आत लबाडी लपू नये म्हणून माझे अंग पारदर्शक केले. पोटावर निळा स्टिकर होता, 'मित्रदेशाच्या जनतेकडून भेट'. माझ्यासोबत आलेल्या परदेशी साहेबांनी बजावले होते, "प्रत्येक फोटोत स्टिकर दिसलाच पाहिजे." त्यांच्या मनात काळेबेरे नव्हते. ते लोकांना मतदानाचे नियम मनापासून शिकवत. पण दिलेले दाखवायची हौस दांडगी.

या गावात अकरा वर्षांनी निवडणूक होत होती. एकीकडे जुने नगराध्यक्ष, दुसरीकडे दवाखान्यातल्या नर्सताई. अध्यक्ष चौकाचौकांत सांगत, "पेटी परक्यांची, म्हणजे निकालही परक्यांचाच." लोक कुजबुजू लागले.

शाळेच्या मोठ्या बाई मतदान केंद्राच्या प्रमुख होत्या. वहीवर डाग दिसला तरी खोडरबर घेऊन बसणाऱ्या. मतदानाच्या सकाळी त्यांनी पट्टीच्या कडेने माझा स्टिकर खरवडून काढला.

"आता कोण काय म्हणतंय बघू," त्या शिपाईमामांना म्हणाल्या. "झाली पेटी आपली."

दिवसभर रांग हटली नाही. चारशे बारा चिठ्ठ्या माझ्या पोटात पडल्या. एका आजोबांनी चिठ्ठी टाकून मला थोपटलेही. मला फार अभिमान वाटला.

मोजणीआधी अध्यक्षांचा माणूस वाकून बघत म्हणाला, "हे ओरखडे कसले? पेटीला कुणीतरी हात लावलाय."

"मीच लावलाय. फक्त स्टिकर काढला," बाई म्हणाल्या. त्यांना खोटे बोलणे कधी जमलेच नाही.

झाले! धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी गत. काल स्टिकर होता म्हणून मी परकी, आज तो नाही म्हणून मी खोटी. मोजणी थांबली. साहेबांनी अहवाल लिहिला आणि विमान पकडले. अध्यक्ष खुर्चीवरच राहिले. बाईंची मात्र नोकरी गेली.

सात वर्षे मी शाळेच्या अडगळीत सीलबंद पडून आहे. स्टिकर नसताच, तर अध्यक्षांना दुसरे निमित्त सापडले असते का, कोण जाणे. नर्सताई जिंकल्या की हरल्या, तेही मला ठाऊक नाही. मध्यंतरी बाई येऊन गेल्या. पदराने माझ्यावरची धूळ पुसून आतल्या चिठ्ठ्यांकडे बघत बसल्या, आणि सीलला हात न लावता निघून गेल्या.

मित्रांनो, मदत जरूर करा, पण तिच्यावर आपले नाव चिकटवू नका. आणि मला नवा स्टिकर नको, पुसायलाही येऊ नका. कुणीतरी सर्वांसमोर मला एकदा उघडा आणि आतल्या चिठ्ठ्या मोजा. थोपटून गेलेले ते आजोबा आता राहिले नाहीत. त्यांचे मत अजून माझ्याजवळ आहे.