चोवीस मिलिसेकंदांचा उशीर

रविवारी सकाळी दादा आला तो गिटार न घेता, नुसती डबी घेऊन. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ही तपास. आणि हिच्यात काही नसेल तर तसं स्पष्ट सांग. मग मी हाताचं बघतो."

डबी म्हणजे आमच्या कंपनीचा गिटारचा इफेक्ट्स प्रोसेसर. जाडजूड पुस्तकाएवढा, पायाशी ठेवायचा. गिटारचा साधा आवाज एका बाजूने आत जातो, आतली चिप त्यावर हिशेब करते आणि दुसऱ्या बाजूने तो घुमत, फाटत, हवा तसा होऊन बाहेर पडतो. कागदावर तिचं नाव लांबलचक आहे. कारखान्यात सगळे डबीच म्हणतात. मी तिथे चाचणी विभागात आहे. विभाग म्हणजे एक खोली आणि मी.

"हाताला काय झालं?"

"ड्रमवाला म्हणतो, मी मागे पडतो. सुरुवातीला नाही, मध्यंतरानंतर. आठ महिने ऐकतोय. परवा सगळ्यांसमोर म्हणाला, वय झालं तुझं, बोटं थकतात." दादाने टेबलावर बोटं नाचवून दाखवली. मला ती थकलेली वाटली नाहीत. "येत्या शनिवारी तालमीला त्याचा भाचा येणार आहे. नुसता ऐकायला, म्हणे."

"रिकाम्या हाताने?"

"गिटार घेऊन."

पंचवीस वर्षं एकत्र वाजवणाऱ्या माणसाने भाच्यासाठी जागा करायची ठरवली, तर सुरुवात अशीच करील, असं माझ्या मनात आलं. दादाच्याही आलं असणार. तो फक्त म्हणाला, "तुझी वहिनी रोज गरम पाण्यात हात बुडवायला लावते. ड्रमवाल्याचं डोकं बुडवलं असतं तर जास्त उपयोग झाला असता."

सोमवारी मी डबी मोजली. पद्धत सोपी आहे. एका बाजूने टक् असा एक आवाज आत सोडायचा, तो दुसऱ्या बाजूने केव्हा बाहेर येतो ते ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बघायचं. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे उशीर. तीन मिलिसेकंद आला. इतका उशीर माणसाला कळत नाही. चाचणीचा कागद भिंतीवर लावलेलाच आहे: चालू करा, एक मिनिट थांबा, मोजा, बंद करा. मी दहा वेळा मोजलं. दहाही वेळा तीन.

म्हणजे दादाची बोटं. मी फोन उचलला आणि परत ठेवला, कारण तेवढ्यात सर आत आले.

"शंकाबाई, यावर सही हवी. शुक्रवारपर्यंत." ऑफिसातही मला हेच नाव आहे. सरांनी ते दिलं नाही, पण वापरतात आवडीने.

कागदावर लिहिलं होतं की जुन्या डबीची चिप आता अपुरी पडते, त्यामुळे आवाज उशिरा येतो, आणि उपाय एकच: तिप्पट वेगाची चिप असलेली नवी डबी. सोबत अकरा ग्राहकांच्या तक्रारी. सगळ्यांचा मजकूर जवळजवळ एक: वाजवतो तेव्हा आणि ऐकू येतं तेव्हा यांत फट पडते. सगळ्या तक्रारी गेल्या वर्षी आम्ही सॉफ्टवेअर बदलल्यानंतरच्या.

"मला उशीर तीन मिलिसेकंदच दिसतो, सर."

"अकरा माणसं खोटं बोलतात?"

"तसं नाही म्हणाले मी."

"मग तुमच्या मोजण्यात चूक असेल. दर दोन वर्षांनी चिप बदलायलाच हवी हो. सगळेच बदलतात. आपणच किती दिवस बैलगाडीत बसायचं?"

ते गेल्यावर मी तारखा शोधल्या. पहिली तक्रार आली त्याच्या तीन महिने आधीच नव्या चिपांची मागणी गेली होती. दुखणं सुरू व्हायच्या आधीच औषध मागवलेलं. दुपारी चहाच्या वेळी सर आणि दाढी, म्हणजे डबीचं सॉफ्टवेअर लिहिणारा आमचा प्रोग्रामर, खिडकीशी उभे होते. मी जवळ गेले तसे दोघेही हवेबद्दल बोलू लागले. दाढी कधीही हवेबद्दल बोलत नाही.

पाणी कुठेतरी मुरत होतं. पण पुरावा म्हणून माझ्याकडे होते फक्त तीन मिलिसेकंद.

मंगळवारी संध्याकाळी दादाला फोन केला. "मध्यंतरानंतर म्हणजे नक्की केव्हा?"

"दीड तासाने वगैरे सुटतो आम्ही. चहा पिऊन परत येतो."

"मध्यंतरात डबी बंद करतोस?"

"छे. बंद केली की सगळं पुन्हा लावत बसा. चालूच असते."

बुधवारी सकाळी मी डबी चालू केली आणि बंद केली नाही. दर सेकंदाला एक टक् सोडत ठेवला आणि वही घेऊन बसले. पहिली चोवीस मिनिटं तीन. पंचविसाव्या मिनिटाला सहा. पन्नासाव्याला बारा. नंतर बराच वेळ काही नाही, आणि बरोबर शंभराव्या मिनिटाला चोवीस.

चोवीस मिलिसेकंद म्हणजे वाजवणाऱ्याचा अ‍ॅम्प्लिफायर गुपचूप उचलून आठ मीटर मागे नेऊन ठेवल्यासारखं. दादा वेळेवरच वाजवत होता. त्याचा आवाज मागून चालत येत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. तीन, सहा, बारा, चोवीस. वेळाही दुप्पट: पंचवीस, पन्नास, शंभर. थकलेली वस्तू अशी नेमकी दुप्पट होत नाही. हे कोणीतरी लिहिलेलं होतं. आणि लिहिणारा माणूस आमच्याकडे एकच.

मी वही घेऊन दाढीच्या टेबलापाशी गेले.

"डबीत वेळ मोजणारं काहीतरी ठेवलंय. जितका वेळ चालू राहते तितकी ती मंद होते. दुकानात पाच मिनिटं वाजवून बघणाऱ्याला कळणार नाही, चाचणीतही कळणार नाही. कोणी सांगितलं ठेवायला?"

दाढीने वही वाचली. घाईने नाही. मग त्याने मान डोलावली. "दुप्पट होणारं मीच लिहिलंय. डबी आवाजाचे छोटे छोटे घास घेते. एका घासाचा हिशेब पुढचा घास यायच्या आत उरकला नाही, तर आवाज तडकतो. म्हणून काम उरकेना झालं की ती घास दुप्पट मोठा घेते. आवाज तडकत नाही, पण उशिरा येतो. हे तुम्हाला माहीत आहे, बाई. तुम्हीच पास केलंत."

"माहीत आहे. पण काम उरकत का नाही? एवढ्या वेळानेच का?"

"ते मला आत्ता कळतंय." त्याने पडद्यावर एक फाइल उघडली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "वेळ मोजणारंही आहे. वाचा."

फाइलचं नाव होतं 'पहारेकरी'. पहिली ओळ: चाचणी विभागाच्या सूचनेवरून. काढू नये.

ती ओळ माझी होती. खालच्या ऐंशी ओळीही.

गेल्या वर्षी, सॉफ्टवेअर बदलायच्या आधी, मला वाटत होतं की दाढीचं काम अधूनमधून वेळेत संपत नाही आणि तो ते लपवतो. म्हणून मी हा पहारेकरी लिहून आत बसवला. दर सेकंदाला त्याने एक नोंद करायची, आणि प्रत्येक घासाला आधीच्या सगळ्या नोंदी पहिल्यापासून वाचून आजवरचा सर्वांत वाईट आकडा कोणता ते बघायचं. तेव्हा मी त्याला दहा मिनिटं चालवत होते. दहा मिनिटांत सहाशे नोंदी होतात. शंभर मिनिटांत सहा हजार. वही जाड होत गेली, आणि पहारेकरी दर घासाला ती पहिल्या पानापासून वाचत राहिला. चोर सापडला नव्हताच. पहाराही मी उठवला नव्हता.

"मी दोनदा विचारलं होतं, काढू का म्हणून," दाढी म्हणाला.

"मी काय म्हणाले?"

"तुम्ही काढाल याचीच मला भीती आहे, म्हणालात." तो हसला नाही. "मग हातच लावला नाही मी. कशाला उगाच विषाची परीक्षा?"

"आणि खिडकीशी हवेबद्दल काय बोलत होता?"

"शंकाबाई सही करतील की नाही यावर पैज लागली होती."

"चिपा आधीच मागवल्या होत्या."

"वर्षभर आधी मागवल्याशिवाय मिळतात कुठे?"

त्याने माझ्यासमोर पहारेकरी काढला. डबी अडीच तास चालवली. पहिल्या मिनिटाला तीन, शेवटच्या मिनिटाला तीन.

गुरुवारी मी सरांची नवी, तिप्पट वेगाची डबी मागून घेतली. तिच्यात पहारेकरी होताच. जुन्या सॉफ्टवेअरबरोबर आपोआप आला होता. सकाळी नऊला चालू केली. दुपारी दोनला, बरोबर पाच तासांनी, ती चोवीसवर पोचली. वेगवान चिपने रोग बरा केला नव्हता, मागे ढकलला होता, तोही बरोबर तिप्पट.

शुक्रवारी सरांचा कागद सहीशिवाय परत केला आणि माझा दिला. त्यात चार ओळी होत्या. जुनी चिप पुरेशी आहे. उशिराचं कारण चाचणी विभागाने आत ठेवलेला भाग. अकराही ग्राहकांना सुधारलेलं सॉफ्टवेअर पाठवावं. चाचणीच्या कागदावर 'एक मिनिट' ऐवजी 'तीन तास' लिहावं.

सरांनी तो दोनदा वाचला. "हे असं लिहिलंत तर खापर तुमच्या डोक्यावर फुटेल."

"जागा बरोबर आहे, सर."

"आणि नव्या डबीचं काय करू? लोणचं घालू?"

"तिच्यात एका वेळी जास्त इफेक्ट्स बसतात. ते खरं आहे, ते लिहा. ज्याला हवेत तो घेईल. फक्त जुनी मंद आहे म्हणून घ्या, असं सांगू नका."

त्यांनी कागद खणात टाकला. सोमवारी पाठवतो म्हणाले. खरंच पाठवतील का, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. म्हणून मी खणातल्या कागदाची प्रत आधीच अकरा जणांना पाठवली होती.

शनिवारी दुपारी तालमीच्या खोलीत मी मागच्या खुर्चीवर बसले. शेजारच्या खुर्चीवर ड्रमवाल्याचा भाचा, पायांमध्ये गिटारची बॅग. दादाला मी इतकंच सांगितलं होतं की डबी दुरुस्त केली आहे. दीड तास वाजवून ते चहाला उठले. डबीचा दिवा चालूच होता. परत आल्यावर तासभर वाजवलं. माझ्याकडे मोजायला काही नव्हतं, म्हणून मी ड्रमवाल्याच्या मानेकडे बघत होते. आधी ती दर दोन ओळींनी दादाकडे वळत होती. हळूहळू वळायची थांबली.

संपल्यावर तो म्हणाला, "आज काय खाऊन आलास रे?"

दादाने मला बाजूला घेतलं. "काय होतं गं आत?"

"मी होते." आणि पहारेकऱ्याचं सगळं सांगितलं.

तो ऐकत राहिला. मग बोटांकडे बघून म्हणाला, "आठ महिने, शंके. आठ महिने मी याच्या भाच्यावरून मनात याला शिव्या घालतोय. त्याला तू सांग. माझ्याने नाही होणार."

ड्रमवाला झांजेचा स्क्रू सैल करत होता. मी समोर उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं.

"म्हणजे माझे कान बरोबर होते," तो म्हणाला.

"हो."

"आणि त्याची बोटं?"

"तीही."

त्याने झांज हळूच जमिनीवर ठेवली, पण ती वाजलीच. मग भाच्याकडे न बघताच त्याला हाक मारली, "अरे, ती बॅग गाडीत ठेव, आणि हा मोठा ड्रम उचलायला ये." आणि दादाला म्हणाला, "तू नको वाकूस. बोटं सांभाळ."