टोटो पूर्ण शहाणा आहे

फ्लोर्देलिझाला नवऱ्यापासून सुटायचं होतं, आणि आमच्या फिलिपिन्समध्ये घटस्फोट नाही. जोडपी इथेही जगासारखीच भांडतात, फक्त कायदा तेवढ्यापुरता खिडकीबाहेर बघतो. सुटायची वाट एकच: दोघांपैकी एकजण लग्नाच्या दिवशीच संसाराला मनाने असमर्थ होता, हे न्यायालयात सिद्ध करायचं. त्यातही दोघांचं आतून संगनमत नाही ना, हे बघायला सरकारी वकील बसतो. नवरा-बायकोचं एकमत झालं की कायद्याला पहिला संशय येतो.

फ्लोर्देलिझा कित्येक वर्षं इलोइलोत बहिणीकडे राहून शाळेत गणित शिकवत होती. दोन खोल्यांचं घर घेऊ म्हटलं, तर बँक म्हणाली, नवऱ्याची सही आणा. नवरा रोदेल, वय बेचाळीस, म्हणाला, "नानायला विचारतो." नानाय म्हणजे आई; तिचं नाव पास. ती नको म्हणाली. मग फ्लोर्देलिझाने अर्ज टाकला.

तो वाचून नानाय पास पेटलीच. "माझ्या टोटोला असमर्थ म्हणते? मीच न्यायालयात येते, आणि सगळ्यांसमोर सांगते माझं पोर कसं आहे ते!" टोटो म्हणजे बाळ्या. रोदेलच्या वकिलाने तिला साक्षीला उभं राहू नका म्हणून हात जोडले. तिने त्याला गप्प बस म्हणून सांगितलं.

ती ठेवणीतला रेशमी पोशाख घालून पिंजऱ्यात उभी राहिली. फ्लोर्देलिझाचे वकील पाल्मारेस अगदी गोड आवाजात म्हणाले, "नानाय, मुलाचा दिवस कसा जातो, सांगता का?"

"एकदम शिस्तीत. मी उठवते, पाणी तापवते, कपडे काढून ठेवते. जेवायला कोळंबी असली तर सोलून देते. बोटांना टोचते ना त्याच्या."

"लग्नानंतरही?"

"लग्नानंतर तर जास्तच. हिला सोलताच येईना."

"मधुचंद्राला हे दोघे बाग्यूला गेले होते."

"दोघे कसले, तिघे! तिथली थंडी ठाऊक आहे का तुम्हाला? त्याच्या मोज्यांकडे कोण बघणार होतं?"

"नोकरी?"

"चार धरल्या. चारही साहेबांना बोलायची रीत नव्हती. मी स्वतः जाऊन सुनावून आले."

"मग घरातले निर्णय कोण घेतं?"

"टोटोच घेतो," नानाय ताठ्याने म्हणाली. "मी सांगितलं की लगेच घेतो."

सरकारी वकिलाने खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. रोदेल मात्र बक्षीस समारंभाला आल्यासारखा खुशीत बसला होता. फ्लोर्देलिझाच्या मनात सासूबद्दल माया दाटून आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पाच मानसशास्त्रज्ञांना जमलं नसतं, ते म्हातारीने फुकटात करून दिलं होतं. बाहेर आल्यावर पाल्मारेस म्हणाले, "बाई, घराचे पडदे निवडायला घ्या."

काही महिन्यांनी निकाल आला. त्याची प्रत घ्यायला दोन्ही पक्ष न्यायालयात जमले. पाल्मारेसनी चष्मा पुसून वाचलं: साक्षीदाराने सांगितलेलं वर्तन असाधारण आहे असं न्यायालयास वाटत नाही. अशा प्रकारचं मातृप्रेम या प्रांतात घरोघरी आढळतं. त्याला असमर्थता ठरवलं, तर इथे रीतसर विवाहित म्हणता येतील असे पुरुष फार थोडे उरतील. अर्ज फेटाळण्यात येतो.

"बघितलंस?" नानाय व्हरांडाभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सरकारचा शिक्का आहे! माझा टोटो पूर्ण शहाणा आहे."

"वरच्या न्यायालयात जाऊ," पाल्मारेस पुटपुटले. "किंवा त्याची स्थिती आणखी खालावेपर्यंत थांबू."

"खाली जागा कुठे आहे?" फ्लोर्देलिझा म्हणाली.

तेवढ्यात आईने कोपराने ढोसलं म्हणून रोदेल पुढे आला. "फ्लोर, नानाय म्हणते, झालं गेलं विसरून घरी ये."

"नानायचं कळलं. तुझं काय म्हणणं आहे, रोदेल? तुला मी यायला हवी आहे का?"

त्याने डोकं खाजवलं. प्रश्न अवघड होता, आणि तो कायद्याने विचार करायला पूर्ण समर्थ होता.

"थांब हां," तो म्हणाला, "विचारून येतो."

आणि खरंच विचारायला गेला.