दाराआडचा डाग

भिंतीवरच्या ओल्या चुन्यात कुंच्याचा एक केस अडकला होता. प्रतिभा त्याच्याकडेच बघत राहिली, कारण तिथे जे बघायचं ते आता नव्हतं — थोरल्या बहिणीच्या, मैत्रीताईच्या डोक्याचा तेलकट डाग. ताई शाळेत असताना रोज या भिंतीला टेकून वाचायची. पुढे नन झाली, मंचेरियलकडे कुष्ठरोग्यांची सेवा करता करता गेली, आणि आता लोक तिला संत म्हणतात, तिचं लहानपणीचं घर बघायला वांकिडीजवळच्या या मातीच्या खोलीपर्यंत जीप करून येतात. डागाचं त्यांना सांगितलं प्रतिभानेच. अवदसा आठवली, दुसरं काय!

"आई, काऊन पुसला वं?"

"पाव्हणे येऊन राह्यले ना माय. मळकी भिंत दाखवू का त्याईले?" विमलबाईंनी चुन्याचे हात लुगड्याला पुसले.

रागवावं तरी कसं? ताई बुद्धवंदना सोडून चर्चमध्ये गेली तेव्हा हीच आई नऊ वर्षं तिच्याशी बोलली नाही — आणि त्या नऊही वर्षांत चुना देताना तिचा हात तेवढ्या डागाला वळसा घालून जायचा…

पाहुणे आले. वाऱ्यानं त्यांनी लावलेली मेणबत्ती विझू लागली म्हणून त्यांच्यातल्या एका म्हातारीनं दार लोटलं, आणि दाराआड, जिथे चुना कधीच पोचला नव्हता, तिथे एक डाग दिसला. प्रतिभाचा. आईला दिसू नये म्हणून ती तिथे बसून अभ्यासाच्या नावाखाली डुलक्या घ्यायची.

"यही है ना, अम्मा?"

विमलबाईंनी प्रतिभाकडे पाहिलं, काकुळतीनं. "हौ. यही."

नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणायला हवं होतं — पण म्हातारीनं कपाळ टेकलं होतं, आजारी लेकीचं नाव घेऊन ती रडत होती, आणि मागे सगळे रांगेत उभे… अहो, ही ताई नाही, ही मी. ताई अंथरुणाला खिळली तेव्हा एकदाही गेले नाही ती मी, मी शिकवते त्या शाळेला सुट्टी नाही म्हणून सांगितलं होतं, आणि सुट्टी होती.

प्रतिभा मागे सरली, ताईच्या जागी टेकायला, आणि तशीच थांबली. चुना अजून ओला होता.

म्हातारीनंतर दुसरी बाई पुढे झाली. प्रतिभा खोलीच्या मधोमध उभी राहिली, कुठेही न टेकता.