उगम नावाची फाइल

माझ्या हातून एका बाईला आलेलं पत्र खराब झालं आणि ते मी जवळजवळ वर्षभर तिच्यापासून लपवलं. गोष्ट एवढीच. पण सांगता सांगता मी स्वतःला जरा बरा दाखवायला जाईन, म्हणून आधीच बोलून मोकळा होतो.

जुन्नरला एस.टी. स्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मूळचा मी डिंगोऱ्याचा. रेडिओ, टेप, व्हीसीआर असं करत करत कॉम्प्युटरपर्यंत पोचलो. त्यामुळे पुण्याहून कोर्स करून आलेली पोरं जे यंत्र बघताच भंगारात घाला म्हणतात, ते उघडून बसायची मला खोड. आणि खोडीपेक्षा तिचा गर्व मोठा. "सूरजभाऊच्या हातून सुटलं म्हणजे मग ते गेलंच," असं कुणी म्हटलं की मी वर वर नाही नाही म्हणायचो आणि दिवसभर तेच घोळवत बसायचो.

२००३ च्या श्रावणात पारस एक जुनापुराणा कॉम्प्युटर घेऊन आला. पेठेतले कापडवाले सुगनचंद, त्यांचा हा मुलगा. बरोबर त्याची आई उगमबाई होती. सुगनचंदांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. घशाच्या ऑपरेशनात त्यांचा आवाज गेला होता आणि शेवटचे आठ महिने जे बोलायचं ते या कॉम्प्युटरवर मराठीत टाइप करायचे. घरचे पडद्यावर वाचायचे. वाचता येत नव्हतं ते फक्त उगमबाईला. "काय म्हणतात?" म्हणून ती दर वेळी पारसला विचारायची. चहा नको म्हणतात, खिडकी लाव म्हणतात, असलंच सगळं.

ते गेल्यावर पारसला फ्लॉपीवर एक फाइल दिसली. नाव उगम. "वाचून दाखवू का?" असं त्यानं आईला विचारलं तर ती नको म्हणाली. नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं मुलाच्या तोंडून कसं ऐकायचं? पुढं नात सिद्धी शाळेत जायला लागली, तेव्हा तिच्याच पाटीवर साठीच्या या बाईनं अक्षरं गिरवली. चार वर्षं लागली. आता तिला वाचता येत होतं आणि फ्लॉपीचा ड्राइव्ह बंद पडला होता.

"तुमी नुसतं चालू करून द्या, भाऊ," ती म्हणाली. "वाचीन मी."

ड्राइव्ह वहीएवढ्या मोठ्या, लवचिक फ्लॉपीचा. तसला दुसरा पुण्यात तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानांतही मिळेना, म्हणून हाच दुरुस्त करायला घेतला. आतला रबरी पट्टा ताणून ढिला पडला होता. ज्या दांड्यांवरून फ्लॉपी वाचणारं हेड मागंपुढं सरकतं, त्यांवरचं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं. फ्लॉपी दाबून धरणाऱ्या खटक्याचा दातच झिजला होता. मंचरच्या एका व्हीसीआरवाल्याकडून पट्टा आणला. हर्षालीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, जुन्या टूथब्रशची दांडी घासून घासून तिचा दात खटक्याला बसवला. मग वेग. चाकावर बारीक काळ्या खुणा असतात. ट्यूबलाइटखाली चाक फिरत असताना त्या खुणा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या की वेग बरोबर. दिवसा लोडशेडिंग, वीज येईल तेव्हा स्क्रू केसभर फिरवायचा आणि बघायचं. दीड महिना मी त्या ड्राइव्हच्या मागे होतो.

नवरात्रातल्या अष्टमीच्या दुपारी खुणा थांबल्या. फ्लॉपी घातली, फायलींची यादी आली, त्यात उगम. अक्षरं नीट उमटतात का बघायला म्हणून फाइल उघडली. पहिली ओळ वाचली गेलीच. लगेच बंद केली. परक्याचं पत्र, पुढं वाचणं बरं नव्हतं. त्याच वेळी दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल करून ठेवायला हवी होती. दोन मिनिटांचं काम. पण मला वाटलं, पहिल्यांदा ते तिच्यासमोरच उघडू दे. पारसच्या घरी फोन लावला, "ड्राइव्ह चालू झालाय, दसऱ्याला या."

मधला दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. स्क्रूड्रायव्हर, मीटर, सोल्डरिंगची कांडी, सगळं टेबलावर मांडलं. त्या ड्राइव्हला मधोमध जागा दिली. त्याचं झाकण मी अजून बसवलं नव्हतं. का, तर आतलं काम लोकांना दिसावं. बाकीच्या हत्यारांना बोट टेकवलं आणि ड्राइव्हवर मात्र चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू सोडलं. वर झेंडूचं फूल. हात जोडताना माझ्या मनात देव नव्हता, मीच होतो.

दसऱ्याला मायलेक आले. उगमबाईनं नवं लुगडं नेसलं होतं आणि चष्मा पदरानं दोनदा पुसला. मी फूल उचललं, वरची हळद फुंकली, झाकण बसवलं, फ्लॉपी घातली. आतून खरखर आवाज आला. पडद्यावर यादीसुद्धा येईना. मी परत प्रयत्न केला, परत खरखर. तिसऱ्यांदा केला नसता तर कदाचित काही उरलं असतं.

फ्लॉपी बाहेर काढली. आतली चकती दिसते त्या खिडकीत चकचकीत गोल चरा पडला होता आणि कडेला लालसर होतं. हेडवर कुंकू बसलं होतं आणि त्या कुंकवानं चकतीवरचा, मजकूर साठवणारा थरच खरवडून काढला होता. मी त्या लाल कडेवर अंगठा ठेवला.

"फ्लॉपीच खराब व्हती, काकू," मी म्हणालो. "लई वर्षं झाली ना. ड्राइव्ह चालू झाला, पण फ्लॉपीत काय राहिलं न्हाई."

पारस म्हणाला, "जाऊ दे आई, नऊ वर्षं झाली." पण ती माझ्या हाताकडं बघत होती. "तुमच्याच हातून गेली आसंल," एवढंच म्हणाली आणि चष्मा काढून डबीत ठेवला.

मी रागावलो. खरं बोलणाऱ्यावर येतो तसला राग. दीड महिना राबलो, पैसा घेतला नाही, वर हे ऐकून घ्यायचं? असं मी हर्षालीला चढ्या आवाजात सांगितलं. ती टेबल पुसत होती. फडकं झटकून तिनं मला दाखवलं, लाल झालं होतं. "तुमी सांगनार हाय का न्हाई त्यांला?" तिनं विचारलं. मी जेवलो नाही, पण सांगितलंही नाही.

आणि ती ओळ माझ्यापाशी राहिली. त्या माणसानं बायकोला लिहिलेलं जगात आता तेवढंच उरलं होतं आणि ते माझ्या डोक्यात. तिला द्यायचं तर फ्लॉपी अष्टमीला चांगली होती हे कबूल करावं लागणार. शिवाय ओळ गोड नव्हती. ऐकून तिला त्रासच होईल, त्यापेक्षा न सांगणंच बरं, असं मी मनाला समजावत होतो. पेठेतून जायचं टाळून मागच्या गल्लीनं जाणाऱ्या माणसाला तिची एवढी काळजी नसते, हेही मला कळत होतं.

पुढच्या भाद्रपदात, त्यांचं जैनांचं पर्युषण संपल्यावर, उगमबाई एकटीच दुकानात आली. मला वाटलं सगळं कळलं हिला. तिनं चपला बाहेर काढल्या, समोर उभी राहिली आणि माझ्यापुढं हात जोडले.

"खमतखामणा, भाऊ. मागल्या दसऱ्याला मी तुमाला वाकडं बोलले. तुमी एवढं राबला आन् मी तुमच्यावर आळ घेतला. वर्षभर मनात सलत व्हतं. मला क्षमा करा."

माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी बाई. ते जोडलेले हात मला बघवेनात. मी स्टुलावरून उठलो आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. अष्टमी, कुंकू, अंगठा, सगळं. "आळ न्हवता तो, काकू. माझ्याच हातून गेली. आन् पहिली ओळ मी वाचली व्हती."

तिचे हात खाली आले. तिनं टेबलाची कड धरली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सांगू का ओळ?" मी विचारलं.

"सांगू नका. लिहून द्या."

बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं. तिनं चष्मा लावला. शब्दाखाली बोट धरून, सुटं सुटं करत वाचायला लागली.

"उगम... तुला... वाचता... येत नाही... म्हणून... हे... इथं... लिहितो."

पुढं काय होतं ते मला ठाऊक नव्हतं, तिनंही विचारलं नाही. माझ्या माफीचं काही बोलली नाही आणि मीही मागायला धजावलो नाही. तिनं बोट परत पहिल्या शब्दावर नेलं आणि तीच ओळ पुन्हा वाचली, या वेळी कुठंही न अडखळता.

मग कागदाकडंच बघत ती हळू आवाजात म्हणाली, "येतं आता मला."